भिंतीला आलेली फुलं

पावसाळा सरला की आमच्या कोकणातल्या घराच्या मागच्या भिंतीला, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, पांढरी लव फुटते. बोटाला पिठासारखी लागते, जिभेला खारट. आजी म्हणायची, “भिंतीला लोणा लागलाय,” आणि खराट्याने झाडून टाकायची. तीन वर्षांपूर्वी मी जरा जास्त शहाणपणा केला आणि रंगकामाच्या एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली, मोबाइलवर फोटो काढले आणि संध्याकाळी खर्चाचा अंदाज पाठवला. त्यात एक ओळ होती: ‘एफ्लोरेसन्स ट्रीटमेंट’. पुढचा आकडा वाचून मी खाली बसलो. शब्द वाचून मात्र उठलो आणि कोश काढला.

एफ्लोरेसन्स म्हणजे फुलून येणं. लॅटिनमधलं फूल त्याच्या पोटात आहे. फ्लॉवर, फ्लोरा ही त्याचीच भावंडं. जमिनीतली ओल भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, येताना माती-चुन्यातले क्षार विरघळवून आणते. भिंतीच्या तोंडाशी पोचल्यावर पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे बारीक स्फटिक बाहेरच्या बाजूला वाढू लागतात. भिंग लावून पाहिलं तर ताटवाच दिसतो. आजीच्या शब्दात लवण आहे, म्हणजे मीठ. तिने चव सांगितली, लॅटिनवाल्यांनी रूप सांगितलं. पूड तीच.

या शब्दाला एक कपटी चुलतभाऊही आहे. क्रिप्टोफ्लोरेसन्स, म्हणजे गुप्तपणे फुलणं. भिंतीचा पृष्ठभाग बंद केला, की पाणी आतच कुठेतरी सुकतं आणि क्षाराचे स्फटिक गिलाव्याच्या पाठीमागे वाढतात. वाढताना गिलाव्याला ढकलतात. आधी फुगवटा येतो, मग पोपडे सुटतात. ठेकेदाराने आमच्या भिंतीला पाणी न शोषणारा जाड रंग दिला होता. दुसऱ्या वर्षी ताटाएवढा पोपडा मोरीत पडला, तेव्हा गुप्त फुलं म्हणजे काय ते मला कोशाशिवाय समजलं. आजीचा खराटा स्वस्तही होता आणि बरोबरही.

पैसे गेले, पण नाद लागला. थर, पापुद्रे, पृष्ठभाग आणि वस्तू घडण्याच्या रीती यांच्यासाठी इंग्रजीत जे आडवळणाचे शब्द आहेत ते मी गोळा करू लागलो. आणि लक्षात आलं की यातले फारच थोडे इंग्रजांच्या घरचे आहेत. बहुतेक उसने आणलेले. कुणी स्वीडिश, कुणी रशियन, कुणी हवाई बेटांवरचा, कुणी कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचा. पण शब्द फोडला की आत कुणाच्या तरी घरातली वस्तू निघते: जिना, बदाम, कौल, रंधा. पहिल्यांदा ते पाहणाऱ्याला जे आठवलं, ते तिथे गोठून राहिलंय.

आमच्या भिंतीचा दगडच घ्या. जांभ्याचा चिरा. इंग्रजीत हा लॅटेराइट, आणि हे नाव आपल्याच किनाऱ्यावर, थोडं खाली, पडलेलं आहे. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कंपनी सरकारने फ्रान्सिस ब्युकॅनन या डॉक्टरला दक्षिणेचा मुलूख पाहून यायला पाठवलं. केरळातल्या अंगाडीपुरमला त्याने पाहिलं, की लोक जमिनीतून एक दगड लोखंडी हत्याराने सहज कापून काढतात, विटांसारखे ठोकळे पाडतात, आणि उघड्यावर ठेवला की तोच दगड टणक होतो. कोकणातल्या कुठल्याही चिरेखाणीवर आजही हेच दिसेल. जोरदार पाऊस आणि उष्णता यांनी खडकातली वाळूची जात, म्हणजे सिलिका, धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा दगड. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात ब्युकॅननने त्याला लॅटेराइट म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. गंमत अशी, की तिथले लोक त्याला आधीपासूनच विटेचा दगड म्हणत होते आणि ब्युकॅननने तशी नोंदही केली आहे. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांतला हा भारदस्त शब्द म्हणजे मलबारच्या कामकऱ्यांच्या बोलीचं लॅटिन भाषांतर.

भिंतीवरून वर पाहिलं तर कौलं. रोमन लोकांच्या छपरावर दोन तऱ्हेची कौलं असत: खाली सपाट, आणि दोन सपाट कौलांमधली फट झाकायला वर अर्धगोल, आपल्या नळीच्या कौलासारखं. सपाट कौल म्हणजे ‘टेग्युला’. त्याचंच झिजून ‘टाइल’ झालं, आपल्या बाथरूममध्ये आहे ते. अर्धगोल कौल म्हणजे ‘इम्ब्रेक्स’, आणि तो शब्द आलाय ‘इम्बर’पासून. इम्बर म्हणजे पाऊस. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कौल हे पावसाचंच नाव असणार. या इम्ब्रेक्सपासून इंग्रजीत विशेषण झालं, इम्ब्रिकेट. एकावर एक अर्धवट चढलेलं, कौलारू रचनेचं. माशाचे खवले इम्ब्रिकेट, पाइनचं बोंड इम्ब्रिकेट, खवले मांजराची पाठ तर पुरती कौलारू. मराठीत आपण घर कौलारू म्हणून थांबलो. पापलेट कौलारू आहे असं आपल्याला कधी सुचलं नाही.

हाच शब्द नदीतही वापरतात. प्रवाहाच्या तळाशी चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसतात, कौलांसारखे, आणि त्यांचा उतार पाणी जिकडून येतं त्या बाजूला असतो. तसे बसले की पाण्याला त्यांना उलटवता येत नाही. म्हणून लाखो वर्षांपूर्वी आटलेल्या नदीचे गोटे दगडात घट्ट झालेले सापडले, तर भूवैज्ञानिक नुसतं त्यांचं रेलणं पाहून सांगतात की ही नदी कुठून कुठे वाहत होती.

गावाहून परतताना घाट लागतो आणि तिथे तर शब्दांची खाणच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे डेक्कन ट्रॅप. शाळेत मला वाटायचं, ट्रॅप म्हणजे सापळा. कुणीतरी त्यात अडकत असेल. तसं काही नाही. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची चळत हजार मीटरहून उंच आहे आणि सगळा पसारा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा. थरांच्या कडा झिजून डोंगराला पायऱ्या पडल्या. म्हणून जिना. आता आपला ‘घाट’ शब्द आठवा. डोंगर उतरण्याची वाट म्हणजे घाट आणि नदीकाठच्या पायऱ्या म्हणजेही घाट. स्वीडनचा खनिजवाला आणि देशावरचा वाटसरू यांची कधी गाठ पडली नसेल, पण दोघांचे शब्द पायऱ्यांपाशीच येऊन थांबलेत.

पावसाळ्यात घाटाच्या कड्याकडे नीट पाहा. काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, कधी वीतभर, कधी पुरुषभर. तो ‘बोल’. ग्रीकमध्ये ढेकूळ. डॉक्टर ज्याला औषधाचा ‘बोलस’ म्हणतात तोही याच घराण्यातला, म्हणजे घास, गोळा. एक लाव्हा थंडावल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा पृष्ठभाग कुजला, त्याची माती झाली. मग नवा लाव्हा त्यावर आला आणि ती भाजली गेली. लाल पट्टा म्हणजे दोन आगींमधली विश्रांती. युरोपातले चित्रकार लाकडावर सोन्याचा वर्ख चढवण्याआधी जी तांबडी माती लावत, तिलाही बोलच म्हणतात. जुन्या चित्रांत सोनं झिजलं की खालून ती तांबूस डोकावते. घाटात तिच्यावर सोन्याऐवजी वितळलेला कातळ आला, एवढाच फरक.

लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, लाव्हा पुढे सरकताना त्या लांबट झाल्या आणि नंतर त्यांत खनिजं भरली. काळ्या दगडात पांढरे ठिपके. अशा दगडाला म्हणतात ॲमिग्डलॉइड, कारण ग्रीकमध्ये ‘अमिग्डाले’ म्हणजे बदाम. मेंदूत भीतीचं केंद्र म्हणून जो ॲमिग्डला हल्ली सगळ्या लेखांत सांगतात, तोही आकाराने बदाम म्हणूनच. एरवी कुणाला वाटलं असतं, की आपली भीती आणि घाटातला दगड एकाच सुकामेव्याच्या दुकानातून आलेत?

पोकळी मोठी असेल आणि पुरती भरली नसेल तर ती ‘वग’. हा शब्द कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचा, त्यांच्या बोलीत गुहा. असा वग फुटला की आत झगमगाट असतो. त्यातल्या खनिजांची नावं त्यांच्या वागण्यावरून पडली आहेत. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक खडा तापवला तर त्यातून वाफ सुटून तो खदखदल्यासारखा फुगला, म्हणून झिओलाइट, उकळणारा दगड. १८०६ मध्ये फ्रान्सच्या आवी या स्फटिकशास्त्रज्ञाने दुसऱ्या एका खनिजाला नाव दिलं ॲपोफिलाइट. ते तापवलं की पानं गळावीत तसे पापुद्रे सुटतात, आणि नावाचा अर्थही तोच, पान-पान होऊन सुटणारा. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खडीच्या खाणींतून निघालेले ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला यासाठी एक आख्खं संग्रहालय उभं आहे आणि त्याचं नाव ठेवताना कुणी ग्रीककडे गेलं नाही. त्याचं नाव ‘गारगोटी’.

लाव्ह्याच्या पृष्ठभागासाठी जगाला शब्द दिले हवाईच्या लोकांनी. खडबडीत, पाय कापणारा लाव्हा म्हणजे ‘आआ’. गुळगुळीत, सुरकुत्यांचा म्हणजे ‘पाहोएहोए’. सह्याद्रीतही हा दुसरा प्रकार भरपूर आहे. त्याच्या सुरकुत्या कशा पडतात हे समजायला हवाईला जायला नको. दूध तापवून निवत ठेवा, साय धरू द्या, मग पातेलं हळूच कलतं करा. वरची साय थिजलेली, खालचं दूध वाहतं. साय पुढे रेटली जाते आणि तिला चुण्या पडतात. लाव्ह्याची साय अशीच चुणते, दोरखंड शेजारी शेजारी ठेवल्यासारखी. सहा कोटी वर्षांनंतरही चुण्या जागच्या जागी आहेत.

स्वयंपाकघरात आलोच आहोत तर तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल दोन शब्द. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं तर ते कळकतं. तांब्यावर चढणाऱ्या त्या हिरव्या थराला इंग्रजीत व्हर्डिग्रिस म्हणतात. ऐकायला जादूटोण्यातलं नाव वाटतं. आहे जुन्या फ्रेंचमधलं साधं ‘ग्रीसचं हिरवं’. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा नव्या हंड्यासारखा तांबूस होता. अंगावरचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा. १९२० पर्यंत तो पुरता हिरवा झाला होता. हवेने, पावसाने आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने चढवलेलं ते हिरवं पुटच खालच्या पत्र्याला वाचवतं. लोखंडाचा गंज असा इमानी नसतो. तो पोपडे धरून सुटतो आणि खाली पुन्हा कोरं लोखंड उघडं पाडतो.

काही शब्द आपल्या हवामानाचे नव्हेत, तरीही मला ते सोडवत नाहीत. बर्फाचे. थंडी पडू लागली की ध्रुवाकडच्या समुद्रात आधी बारीक सुया आणि चकत्या तरंगू लागतात. त्या ‘फ्रेझिल’, कॅनडातल्या फ्रेंचांचा शब्द, मूळ अर्थ कोळशाची भुकटी. त्या दाटल्या की पाण्यावर मंद, तेलकट थर येतो. त्याला ग्रीजचा बर्फ म्हणतात. आपण पाहिला असता तर तवंगच म्हटलं असतं. शांत समुद्रावर यातून ‘निलास’ धरतो. शब्द रशियन. काळपट, दहा सेंटिमीटरपर्यंत जाड आणि इतका लवचीक, की खालून लाट गेली तरी तुटत नाही, नुसता वर-खाली होतो. जमिनीवरच्या बर्फाला वारा खरवडून जे खाचे पाडतो ते ‘सास्त्रुगी’; त्या रशियन शब्दात सुताराचा रंधा आहे. आणि सगळ्यांत लाडका ‘फिर्न’. एक उन्हाळा काढूनही न वितळलेला, दाट होत चाललेला बर्फ. जर्मन शब्द, अर्थ ‘गेल्या वर्षीचं’. मुरलेल्या लोणच्याकडे पाहून आपण म्हणतो तसंच: हे गेल्या वर्षीचं.

गोठलेल्या दवाला लॅटिनमध्ये ‘प्रुइना’ म्हणत. त्यावरून प्रुइनोज हे विशेषण, फळांसाठी. काळ्या द्राक्षावर जी पांढुरकी पूड असते, बोट फिरवलं की पुसली जाते आणि खालची साल चकाकते, ती प्रुइनोज. बाजारात कित्येक जण ती औषधाची फवारणी समजून घासघासून धुतात. फवारणीचे अंश असू शकतात, धुवावं हे खरंच, पण ती एकसारखी पांढरी झाक द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं आणि ती शाबूत असणं ताजेपणाची खूण. निफाडच्या द्राक्षांना हा शब्द दोनदा लागू पडतो, कारण कडाक्याच्या थंडीत तिथे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि मग बागाइतदार खऱ्या प्रुइनाच्या भीतीने रात्र-रात्र शेकोट्या पेटवून बसतात.

आता ज्या दोन शब्दांसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ते.

पहिला ‘व्हार्व्ह’. स्वीडिशमध्ये ‘व्हार्व’ म्हणजे फेरा, आवर्तन. हिमनदीच्या पायथ्याशी तळं असतं. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, पाणी जोरात येतं, जाडसर फिकट गाळ टाकतं. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, पाणी स्तब्ध होतं, आणि पाण्यात तरंगत राहिलेली बारीक काळपट माती सावकाश तळाला बसते. फिकट आणि गडद, मिळून एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा एक जोडी. १८७८ च्या सुमारास गेरार्ड डी गेअर या तरुण स्वीडिश भूवैज्ञानिकाला मातीतले हे पट्टे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे वाटले. वाटण्यावर तो थांबला नाही, मोजू लागला. पण एका खड्ड्यात सगळी वर्षं मिळत नाहीत. मग त्याने एका खड्ड्यातली जाड-बारीक पट्ट्यांची लय दुसऱ्या खड्ड्यातल्या लयीशी जुळवली, दुसऱ्याची तिसऱ्याशी, आणि विद्यार्थ्यांची फौज घेऊन स्वीडनभर असे दुवे जोडत गेला. १९१० मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत त्याने गेल्या सुमारे बारा हजार वर्षांचा हिशेब मांडला. कार्बनवरून वय काढण्याची पद्धत तेव्हा जन्मायची होती. हा माणूस चिखलातून वर्षं मोजत होता, एक, दोन, तीन अशी.

जपानमध्ये सुइगेत्सु नावाचं सरोवर आहे. त्याच्या तळाशी अशा रेघांचा थर ४५ मीटर जाड आहे आणि त्यात ७०,००० वर्षं आहेत. म्हणजे वर्षाला सरासरी मिलिमीटरही नाही. ढवळणारी मोठी नदी थेट येऊन मिळत नाही, डोंगरांमुळे वारा कमी, खोल पाण्यात प्राणवायू नाही म्हणून गाळ उकरणारे जीव नाहीत. वर्षामागून वर्ष कुणी हात न लावता ते जमत गेलं. आज कार्बनवरून काढलेली वयं बरोबर आहेत का हे ताडून पाहायला जगभरचे शास्त्रज्ञ या सरोवराच्या गाळाचा आधार घेतात. जपानी लोक या रेघांना ‘नेन्को’ म्हणतात, वर्षांचे पट्टे. सरोवराशेजारच्या संग्रहालयात सगळे ४५ मीटर काचेत मांडून भिंतीवर लावलेत. सत्तर हजार वर्षं चालत पाहायची.

दुसरा शब्द बरोबर उलटा. ‘अनकन्फॉर्मिटी’. इथे शब्द थराला नाही, थर नसण्याला दिलाय. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचं खडकाळ टोक आहे. १७८८ मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटन तिथे होडीतून गेला, बरोबर त्याचे मित्र जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल. लाटांनी धुतलेल्या खडकात त्यांना दिसलं, की खालचे राखाडी थर पुस्तकं कपाटात उभी लावावीत तसे उभे आहेत, आणि त्यांच्या कापल्या गेलेल्या डोक्यांवर तांबड्या वाळूखडकाचे थर जवळपास आडवे पसरलेत. हटनने मनाशी हिशेब केला. खालचे थर आधी समुद्रतळाशी आडवे साचले असणार. मग दगड झाले, मुडपून उभे झाले, वर उचलले गेले, झिजून सपाट झाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्यावर हा तांबडा गाळ येऊन बसला. तेव्हा युरोपात पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं धरत. या एका कपारीत ते बसेना.

आज आपल्याला आकडे माहीत आहेत. खालचे थर सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वर्षांचे, वरचे सुमारे सदतीस कोटींचे. मधल्या साडेसहा कोटी वर्षांचा एकही थर तिथे नाही. नुसती एक रेघ, तिच्यावर पंजा टेकवला तर करंगळीखाली एक युग आणि अंगठ्याखाली दुसरं. साडेसहा कोटी म्हणजे किती? सह्याद्रीचा कातळ वितळलेला होता तिथपासून आजपर्यंतचा जवळजवळ सगळा काळ. आपल्या पंचांगात क्षय तिथी असते; ती सूर्योदय न पाहताच सरते, काल पंचमी होती आणि आज सप्तमी. षष्ठी झाली नाही असं नाही, आपल्या उंबऱ्यावर ती थांबली नाही, इतकंच. मराठी भूशास्त्राच्या पुस्तकांत अनकन्फॉर्मिटीला विसंगती म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण कोरडा आहे. मला विचाराल तर ‘क्षयथर’ म्हणायला हवं होतं.

देवाणघेवाण एकेरी नाही हेही नोंदवतो. नदीकाठच्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गाठींना भूवैज्ञानिक ‘कंकर’ म्हणतात, तो शब्द इथला. भारतातला मुरूमही समुद्र ओलांडून गेला असावा. केनिया आणि युगांडात तांबड्या कच्च्या रस्त्याला आजही ‘मुरम’ रस्ता म्हणतात. साय, तवंग, पुट, पापुद्रा, पोपडा, खपली, ढलपी, टवका, साका, लोणा, एवढे शब्द तर मला टेबलावरून न उठता आठवले. पातेल्याच्या बुडाला लागते ती खरवड आणि तूप कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी, या दोहोंतला फरक सांगायला इंग्रजाला आख्खं वाक्य लागेल.

पण हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ते कल्हईवाले, चुन्याचे गवंडी, चिरेखाणीतले कामगार वर्षागणिक कमी होतायत, आणि माझी आजी गेलीच. तुमच्या घरात, गावात, धंद्यात कुठल्याही थराला, सालीला, पुटाला किंवा कवचाला वेगळा शब्द असेल, तर तो वापरणाऱ्याला त्याचा नेमका अर्थ विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून पाठवा. साधं पोस्टकार्डही चालेल.